टाकीत काय घालावे? मालवण किनाऱ्यावरच्या डिझेलचा पाऊण शतकाचा हिशेब

कुडाळहून नेरूरपारमार्गे मालवणकडे जाणारा रस्ता धामापूरच्या तलावाजवळून जातो. विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी १५३० मध्ये बांधलेल्या या तलावाला २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन व जलनिस्सारण आयोगाने जागतिक वारसा सिंचनस्थळाचा मान दिला, आणि तेव्हापासून त्याच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले. या परिसराचा संसार ज्यांच्यावर चालतो त्या मालगाड्यांविषयी मात्र फारसे लिहिले जात नाही. कर्ली नदीची वाळू, जांभ्याचे चिरे, मालवणची मासळी, हंगामातला आंबा, घाटावरून येणारे सिमेंट आणि धान्य, हे सगळे डिझेलवर चालते. गाडीमालकाच्या खर्चात डिझेलचा वाटा सर्वांत मोठा असतो. म्हणूनच सुट्या भागांच्या दुकानात मिळणाऱ्या अ‍ॅडिटिव्हच्या बाटलीला इथे गिऱ्हाईक आहे. टाकी भरताना ही बाटली ओतली की अ‍ॅव्हरेज वाढेल, धूर कमी होईल, नोझल साफ राहील, असे तिच्यावर लिहिलेले असते. ती घ्यावी की घेऊ नये, हा प्रश्न आजवर अनुभवाच्या गोष्टींवर सोडून दिला गेला आहे. माझ्या मते त्याचे उत्तर इतिहासात आहे. डिझेलमध्ये वेगवेगळ्या काळी वेगवेगळी उणीव होती. त्या त्या उणिवेवर नेमका उपाय सापडला तेव्हा अ‍ॅडिटिव्हने खरोखर काम केले, आणि असा प्रत्येक मोठा उपाय पुढे, डिझेलमध्ये असो वा इंजिन ऑइलमध्ये, कारखान्यातच मिसळला जाऊ लागला. आज इथल्या गाडीमालकाच्या वाट्याला जी उणीव उरली आहे, ती बहुतेक बाटल्यांनी भरून निघणारी नाही.

सुरुवात ट्रकच्याही आधीपासून करायला हवी. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या किनाऱ्याचा व्यापार समुद्रातून चालत असे. मालवण आणि वेंगुर्ल्याला मुंबईहून आगबोटी लागत, आणि आतल्या गावांना माल गलबतांनी, होड्यांनी व बैलगाडीने जाई. दिव्यात उंडीचे किंवा करंजाचे तेल जळे, आणि मग पत्र्याच्या डब्यांतून रॉकेल आले. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याचे यंत्र १८९७ मध्ये यशस्वी झाले होते, आणि १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात अशाच प्रकारचे एक इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवले गेले. महाराष्ट्रात डिझेल इंजिन आधी शेतात आणि गिरणीत पोचले. साताऱ्यात कूपर यांच्या कारखान्याने १९३० च्या दशकात ते बनवायला घेतले, आणि १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. ही इंजिने जड आणि सावकाश चालणारी होती. विहिरीवरचे असे इंजिन थोडेफार हलके, थोडेफार अशुद्ध इंधन निमूट पचवी. त्यातच दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पेट्रोलच्या टंचाईमुळे मोटारी कोळशाच्या गॅसवर धावल्या. हे सगळे लोकांच्या डोळ्यांदेखत घडले. इंजिन काहीही खाते, आणि हुशार माणूस त्याला काहीही खाऊ घालू शकतो, हा समज या काळात पक्का झाला. त्या वेळच्या यंत्रांपुरता तो बराचसा खराही होता. पुढे यंत्रे बदलली, समज मात्र तसाच राहिला.

ट्रकचे डिझेल इंजिन ही वेगळीच जात होती. १९५४ मध्ये टाटांच्या जमशेदपूरच्या कारखान्यातून मर्सिडीज-बेंझच्या सहकार्याने बनलेले ट्रक बाहेर पडू लागले. इंधनपंप आणि नोझल देशात बनवण्यासाठी १९५१ मध्ये बंगळुरूत मायको कंपनी उभी राहिली होती, आणि तिचा पुढचा कारखाना नाशिकला झाला. याच सुमारास मुंबईत तुर्भ्याला दोन रिफायनऱ्या सुरू झाल्या: १९५४ मध्ये स्टॅनव्हॅकची आणि १९५५ मध्ये बर्मा-शेलची. आज त्या हिंदुस्तान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियमच्या आहेत. या नव्या व्यवस्थेचा सगळा नाजूकपणा इंधनपंपात एकवटलेला होता. पंपाच्या आत बोटाएवढी पोलादी दांडी, म्हणजे प्लंजर, तितक्याच पोलादी नळीत वरखाली होते. दोघांमधली फट दोन-तीन मायक्रॉनची, म्हणजे केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्शाहूनही कमी. या फटीत रबर नाही, पॅकिंग नाही आणि वंगणही नाही. तिथे वंगणाचे काम डिझेलच करते. डिझेलबरोबर मातीचा कण आला तर पोलादावर चरा उठतो. पाण्याचा थेंब आला तर तेवढ्या जागेपुरते वंगण नाहीसे होते आणि गंज धरतो. त्या काळी आडगावात पंप नसत, डिझेल पिंपातून येई आणि कापडातून गाळून टाकीत ओतले जाई. ती सवय जुनाट दिसली तरी शास्त्राला धरून होती. त्या काळची उणीव घाण आणि पाणी ही होती, आणि तिच्यावरचा उपाय गाळणे हाच होता.

त्या डिझेलमध्ये गंधकही भरपूर होते. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत भारतीय डिझेलमध्ये वजनाच्या एक टक्क्यापर्यंत, म्हणजे दहा लाख भागांत १०,००० भाग गंधक चालत असे. गंधक जळले की आम्ल तयार होते. ते इंजिन ऑइल खराब करते, रिंगा आणि लायनर झिजवते. यावरचा उपाय डिझेलमध्ये मिसळला गेला नाही, तो इंजिन ऑइलमध्ये मिसळला गेला. ऑइल कंपन्यांनी आम्ल मारणारी अल्कधर्मी रसायने त्यात घातली, आणि ऑइल लवकर बदलण्याची शिस्त गॅरेजमध्ये रुजली. हे उदाहरण मोलाचे आहे, कारण यात अ‍ॅडिटिव्ह यशस्वी झाले आणि त्याची कारणे स्पष्ट दिसतात. दुखणे माहीत होते, रसायन त्या दुखण्यासाठीच होते, मात्रा कारखान्यात मोजली जात होती आणि परिणाम तपासता येत होता. अ‍ॅडिटिव्ह ही थापच असते, असे म्हणणाऱ्यांना हे उदाहरण खोडून काढते. सगळी दुखणी एकाच बाटलीत बरी करू म्हणणाऱ्यांनाही ते तितकेच खोडून काढते.

मग रॉकेलचा काळ आला, आणि बाटलीवरचा आजचा विश्वास मुख्यतः याच काळाची देणगी आहे असे मला वाटते. रेशनवरचे निळे रॉकेल गरिबाच्या चुलीसाठी आणि दिव्यासाठी अनुदान देऊन स्वस्त ठेवलेले होते. २००२ नंतर कित्येक वर्षे ते लिटरला नऊ रुपयांच्या आसपास राहिले, तर २०१० पर्यंत डिझेल चाळिशीच्या घरात गेले. दोन्ही द्रव एकमेकांत बेमालूम मिसळतात. इतका फरक आणि इतकी सोय एकत्र आली की भेसळ होणारच. ती पकडता यावी म्हणून २००६ मध्ये रॉकेलमध्ये ओळख पटवणारे रसायन घालण्याची योजना आली आणि थोड्याच काळात गुंडाळली गेली. या धंद्याची ताकद किती होती ते महाराष्ट्राने २५ जानेवारी २०११ रोजी पाहिले. मनमाडजवळ पानेवाडीच्या तेल डेपोंच्या परिसरात भेसळ पकडायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भरदिवसा जिवंत जाळण्यात आले. ट्रकच्या इंधनाचा इतिहास लिहिताना हे नाव वगळता येणार नाही. गाडीमालकाला शुद्ध डिझेल मिळावे, हे सरकारी काम करताना हा अधिकारी मेला.

रॉकेल मिसळलेल्या डिझेलने गाडीचे काय होते, हे समजून घेतले की बाटलीची मर्यादा कळते. रॉकेल पातळ असते, त्याचे वंगण कमी पडते, त्यामुळे प्लंजर आणि नोझल लवकर झिजतात. त्याची घनता कमी, म्हणून एका लिटरमधली ऊर्जाही कमी, म्हणून गाडी ताण घेत नाही आणि अ‍ॅव्हरेज घटते. फसवी गोष्ट अशी की रॉकेल हलके असल्याने त्याच्या मिश्रणाने डोळ्यांना दिसणारा काळा धूर कमी होऊ शकतो. म्हणजे धुरावरून इंधनाची परीक्षा करणारा ड्रायव्हर भेसळीच्या डिझेललाच चांगले डिझेल म्हणण्याची शक्यता असते. पंपावरचा विश्वास उडाला आणि मालक स्वतःच इलाज शोधू लागला. कोणी टाकीत टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनाचे, ऑइल घातले, कोणी जुने ऑइल घातले, कोणी बाटली आणली. त्यांच्या त्राग्याला पूर्ण आधार होता. पण एकदा मिसळलेले रॉकेल कोणतेही रसायन टाकीतून बाहेर काढत नाही. अनुदान घटत गेले, २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये डिझेलचे दर खुले झाले, रॉकेलचे दरही वाढत गेले, घरोघरी गॅस पोचला, आणि भेसळीतला नफाच आटला. हे दुखणे हटले ते धोरणामुळे. बाटलीचा त्यात काही वाटा नाही.

याच काळात डिझेलमध्ये एक नवी उणीव निर्माण झाली, आणि ती शुद्धीकरणातूनच आली. हवा स्वच्छ राहावी म्हणून गंधक टप्प्याटप्प्याने कमी केले गेले. देशभराची मर्यादा २००० मध्ये दहा लाखांत २,५०० वर, २००५ मध्ये ५०० वर, २०१० मध्ये ३५० वर, २०१७ मध्ये ५० वर आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा या प्रदूषण मानकाखाली फक्त १० वर आली. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलमधले नैसर्गिक वंगण देणारे घटकही निघून जातात. स्वीडनने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अगदी कमी गंधकाचे डिझेल आणले तेव्हा तिथल्या गाड्यांचे इंधनपंप झिजून निकामी होऊ लागले. हा धडा जगाने घेतला. वंगण वाढवणारे रसायन डिझेलमध्ये मिसळणे आवश्यक ठरले आणि ते मोजण्याची कसोटीही ठरली. ठराविक दाबाखाली पोलादी गोळी डिझेलमध्ये बुडवून घासली असता तिच्यावरचा झिजेचा डाग ४६० मायक्रॉनपेक्षा मोठा असता कामा नये. भारतीय मानकातही हीच अट आहे. डिझेल किती चटकन पेट घेते ते सांगणारा सीटेन अंकही ४५ वरून ४८ आणि मग ५१ वर नेला गेला. बाटलीवरच्या जाहिरातीतली दोन मोठी आश्वासने, वंगण आणि सीटेन, पंपावरच्या मानक डिझेलमध्ये अशा रीतीने आधीच पुरी केलेली आहेत. गाडीमालकाने त्यांचे पैसे लिटरमागे मोजलेलेच असतात.

यावर पहिला आक्षेप अनुभवाचा असतो. बाटली घातली आणि अ‍ॅव्हरेज वाढले, असे सांगणारा मेकॅनिक खोटे बोलत नसतो, पण त्याचे माप कच्चे असते. चिरे भरून करूळ किंवा फोंडा घाट चढणारी गाडी आणि रिकामी उतरणारी गाडी, पावसातला ओला रस्ता आणि वैशाखातला कोरडा, नवा फिल्टर आणि चोंदलेला, यांतला फरक कोणत्याही बाटलीच्या दाव्यापेक्षा मोठा असतो. एक साधे गणित करून पाहावे. ३०० लिटरची टाकी, लिटरला ४ किलोमीटर, म्हणजे एका टाकीत १,२०० किलोमीटर. बाटलीने दोन टक्के सुधारणा केली असे धरले तर २४ किलोमीटर वाढले. आता पंपावर गाडी किंचित उतारावर उभी राहून टाकीत ६ लिटर कमी किंवा जास्त गेले, तरी हिशेबात तेवढाच, २४ किलोमीटरचा फरक पडतो. एका-दोन टाक्यांवरून निघालेला निष्कर्ष म्हणून काहीच सिद्ध करत नाही. आपला समाज किती सहज फसतो हे १९९६ मध्येही दिसले होते. तामिळनाडूतल्या रामर पिल्लै यांनी वनौषधीपासून पेट्रोल बनवण्याचा दावा केला, देशभर त्याचे कौतुक झाले, आणि २०१६ मध्ये न्यायालयाने त्यांना फसवणुकीबद्दल शिक्षा सुनावली. उलट बाजूचेही उदाहरण आहे. १९२१ मध्ये शोधलेले शिशाचे अ‍ॅडिटिव्ह पेट्रोल इंजिनाची ठोकर खरोखर थांबवत होते, पण त्याने जगभरच्या मुलांच्या रक्तात शिसे गेले. भारतात शिसेयुक्त पेट्रोल बंद व्हायला २००० साल उजाडले. रसायन काम करते एवढे पुरत नाही. त्याची किंमत कोण मोजतो, हेही पाहावे लागते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. नव्या कॉमन-रेल इंजिनात इंधनाचा दाब दीड-दोन हजार बारपर्यंत जातो, नोझलची भोके अतिशय बारीक असतात, आणि त्यांत साचणारा थर ही खरी समस्या आहे. थर धुणारी डिटर्जंट रसायने असतात आणि ती काम करू शकतात, हे मान्यच करायला हवे. तरी दोन गोष्टी उरतात. थर साचला आहे की नोझल झिजली आहे, हे तपासणीशिवाय कळत नाही, आणि झिजलेली नोझल कोणत्याही रसायनाने भरून येत नाही. शिवाय भारत स्टेज सहाच्या गाडीत धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. काजळी जाळून तो साफ होतो, राख मात्र त्यात कायमची बसते. टू-टी ऑइल, जुने ऑइल किंवा धातूचे संयुग असलेले धूरनाशक टाकीत घालणे म्हणजे त्या महाग फिल्टरमध्ये राख भरणे होय. बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिका म्हणूनच अशा मिश्रणाला मनाई करतात. ड्रायव्हर ज्याला युरिया म्हणतात ते ३२.५ टक्के युरियाचे द्रावणही वेगळ्या टाकीतच जायला हवे. ते डिझेलमध्ये गेले तर पंपापासून नोझलपर्यंत सगळे खराब होते. डिटर्जंट हवेच असेल तर तेल कंपनीने मात्रा मोजून मिसळलेले ब्रँडेड डिझेल अधूनमधून घ्यावे. ते अंदाजाने ओतलेल्या बाटलीपेक्षा बरे. थंडीत डिझेल गोठू नये म्हणून घालायच्या रसायनाची इथे गरज नाही. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहणारे डिझेल आणले, म्हणजे तीही जबाबदारी रिफायनरीने उचलली.

तिसरा आक्षेप इथल्या हवेचा आहे, आणि त्याच्यापुढे मी माझा निष्कर्ष थोडा वाकवतो. सिंधुदुर्गात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पावसाळ्यात वाळू उपशाला बंदी असते, चिरेखाणी पाण्याने भरतात, आणि अनेक डंपर जूनपासून सप्टेंबरपर्यंत अर्ध्या टाकीवर उभे राहतात. अर्ध्या रिकाम्या टाकीत दमट हवा शिरते, रात्री पत्र्यावर तिचे पाणी होते आणि तळाला जाते. आजच्या मानकाप्रमाणे डिझेलमध्ये सात टक्क्यांपर्यंत बायोडिझेल चालते, आणि बायोडिझेल पाणी जास्त धरते. हंगामाच्या सुरुवातीला फिल्टरखालच्या वॉटर सेपरेटरची चावी सैल करून पहिला अर्धा लिटर काचेच्या बरणीत घ्यावा आणि बरणी स्थिर ठेवावी. दहा मिनिटांत तळाला पाणी, वर डिझेल, आणि दोघांच्या सीमेवर तपकिरी बुळबुळीत पापुद्रा दिसला, तर टाकीत जंतू वाढलेले आहेत. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथेच ते जगतात, आणि त्यांची साय फिल्टर चोंदवते. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत किनाऱ्यावर उभ्या राहणाऱ्या ट्रॉलरच्या टाक्यांनाही हाच धोका असतो. इथे जंतुनाशक अ‍ॅडिटिव्हला खरे काम आहे. पण क्रम महत्त्वाचा: आधी पाणी काढणे, टाकी धुणे, मग मोजून जंतुनाशक, आणि मग नवा फिल्टर. पाणी तसेच ठेवून ओतलेले जंतुनाशक मेलेल्या जंतूंचा गाळ करून तोच फिल्टर पुन्हा चोंदवते. टाकी भरून गाडी उभी केली आणि झाकणाचे रबर धड असले, तर त्याचीही गरज क्वचितच पडते.

राहिला जुन्या गाड्यांचा प्रश्न. जास्त गंधकाच्या जमान्यात बनलेल्या पंपांची रबरी सील नव्या डिझेलमध्ये आकसून गळू शकतात, आणि मालक त्याचा दोष इंधन सुके असल्याला देतो. उपाय सील बदलणे आणि पंप कॅलिब्रेट करून घेणे हाच आहे. वंगणाची अट नव्या डिझेलमध्ये पुरी झालेली असतेच. बाटलीवर वर्षभर जाणारे पैसे एकत्र केले तर त्यातून चांगल्या प्रतीचे फिल्टर वेळेवर बदलता येतात आणि टाकी एकदा नीट धुऊन घेता येते.

या सगळ्या इतिहासातून मला एक गोष्ट ठामपणे दिसते. डिझेलचे प्रत्येक मोठे दुखणे सार्वजनिक ठिकाणी बरे झाले: मानकात, रिफायनरीत, अनुदानाच्या धोरणात, भेसळ पकडणाऱ्या अधिकाऱ्याच्या हिमतीत. गाडीमालकाला मात्र सतत सांगितले गेले की इलाज त्याच्या खिशात आणि दुकानाच्या फळीवर आहे. त्याने बाटली विकत घेतली की तक्रार करायची राहून जाते, आणि खराब डिझेल विकणारा सुटतो. डिझेलची त्या दिवसाची घनता पाहणे, पाच लिटरच्या मापाने खात्री करून घेणे, बिल जपणे, शंका आली तर नमुना तपासायला लावणे, हे प्रत्येक ग्राहकाचे हक्क आहेत. एकटा डंपरमालक ते वापरायला कचरतो, पण जिल्ह्यातल्या वाहतूकदारांच्या आणि मच्छीमारांच्या संस्था ते सहज वापरू शकतात. मच्छीमार संस्था डिझेलवरच्या कराच्या परताव्याच्या निमित्ताने इंधनाचा हिशेब ठेवतातच, त्यात गुणवत्तेची नोंद जोडली तर हे काम उद्यापासून सुरू होईल. चालत्या गाडीच्या टाकीत चांगल्या पंपावरचे डिझेल घालावे आणि दुसरे काही घालू नये. बाटलीचे पैसे फिल्टरला द्यावेत, आणि त्या बाटलीवर टाकलेला विश्वास तपासणीच्या व्यवस्थेकडून वसूल करावा.